मंदिराचे दार आणि आचार्य विनोबा भावे

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुरा होत आला आहे. गाभारा नव्याने बांधून झाला, सभामंडपाला फरशी बसली, शिखरावर कळस चढण्याचा दिवस जवळ आला. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी जीर्णोद्धार समितीची इच्छा होती. ते काम या अल्पमती शिक्षकाकडे सोपवण्यात आले. संतांची चरित्रे आपल्या गावाला कीर्तनातून पाठ आहेत. म्हणून आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळात होऊन गेलेल्या एका पुरुषाचे चरित्र येथे सांगावे असे ठरविले. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

भूदानासाठी देशभर पायी हिंडलेले विनोबा सर्वांना माहीत आहेत. मात्र त्यांच्या आयुष्यात देवळाचे दार हा विषय पुन्हापुन्हा आला, हे फारसे कोणी सांगत नाही. काही दारांवरून ते परत फिरले, एका दारापाशी त्यांनी मार खाल्ला, आणि एका दारातून ते डोळे भरून आत गेले. आपण नवे दार बसवीत असताना ही हकीकत आपल्या उपयोगाची आहे.

जन्म आणि घरचे संस्कार

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या लहानशा खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. विनायकाचे बालपण आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेले.

आजोबा मोठे शिवभक्त होते. व्रते, उपवास आणि पूजा यांत त्यांचा दिवस जाई. असा कर्मठ गृहस्थ सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक असेल असे कोणासही वाटेल. परंतु वाई येथे भावे घराण्याचे जे शिवमंदिर होते, तेथे शंभुरावांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांना दर्शनासाठी येऊ दिले, आणि एका मुसलमान गवयाला देवापुढे भजन गाण्यास बोलाविले, ही आठवण विनोबा पुढे अभिमानाने सांगत. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. त्या काळी वाईसारख्या क्षेत्राच्या गावी असे करणे सोपे नव्हते. लोकांनी नावे ठेविली. आजोबांनी वाद घातला नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही.

आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांची भक्ती विलक्षण होती. बडोद्यास गीतेवर प्रवचने चालत, ती त्यांना समजत नसत. मुलाने मराठी भाषांतर आणून दिले, तेही अवघड वाटले. मग मुलानेच आपल्याला कळेल अशी गीता मराठीत लिहावी, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली. 1918 साली त्या वारल्या. मुलाने ते शब्द मनात जपून ठेवले, आणि 1930 च्या ऑक्टोबरात आरंभ करून 1931 च्या फेब्रुवारीत ‘गीताई’ पूर्ण केली. आज महाराष्ट्रात लक्षावधी घरांतून ते पुस्तक आहे. धर्माचा ग्रंथ ज्याला कळत नाही त्याच्यापर्यंत तो पोचवावा, हा धडा विनोबांना आईकडून मिळाला. पुढे त्यांनी इतर धर्मांच्या ग्रंथांबाबत जे केले, त्याचे मूळ येथे आहे.

गांधीजींच्या आश्रमात

1916 च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीच्या गाडीत बसला. शाळेची प्रमाणपत्रे त्याने त्याआधीच चुलीत घातली होती. मनात दोन ओढी होत्या, हिमालय आणि बंगालची क्रांती. काशीमध्ये त्याच्या वाचनात महात्मा गांधींचे भाषण आले. पत्रव्यवहार झाला, आणि 7 जून 1916 रोजी विनायक अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती ही दोन्ही आपल्याला तेथे लाभली, असे ते पुढे मानीत.

आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन त्यांनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे आणि शास्त्रे यांचे अध्ययन केले. ठरल्या मुदतीला ते आश्रमात परत हजर झाले. 1921 साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली, आणि तेव्हापासून वर्धा हीच त्यांची कर्मभूमी झाली.

1924-25 साली केरळात वायकोम येथे सत्याग्रह चालू होता. महादेवाच्या मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरूनसुद्धा अस्पृश्यांना जाण्यास बंदी होती. गांधीजींनी विनोबांना तेथे पाठविले. शास्त्रे पढलेला हा तरुण तेथील पंडितांशी संस्कृतातून बोलू शकेल, हा त्यामागील हेतू. पंडितांचे मन लगेच वळले नाही. पण दार हा प्रश्न विनोबांच्या आयुष्यात येथे प्रथम उभा राहिला. पुढे 1928 साली त्यांचे स्नेही जमनालालजी बजाज यांनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्व हिंदूंना खुले केले. महाराष्ट्राला आणि देशाला तो मोठाच धडा होता.

1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे बंद्यांसमोर त्यांनी गीतेवर दर आठवड्याला प्रवचने दिली. साने गुरुजी त्या वेळी तेथेच बंदी होते. त्यांनी ती सारी प्रवचने उतरून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आहे. याच साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, आणि पंढरीचे दार उघडले. त्या काळी हरिजन हा शब्द रूढ होता, आज आपण दलित बांधव म्हणतो.

पवनारची मूर्ती

1938 साली प्रकृती फार खालावली म्हणून विनोबा वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनार येथे राहावयास गेले. तेथे ते रोज थोडे खणण्याचे काम करीत. खणता खणता जमिनीतून एक प्राचीन शिल्प निघाले. ते राम आणि भरत यांच्या भेटीचे होते. धुळ्याच्या तुरुंगात प्रवचन करताना, कोणा चित्रकाराने राम-भरत भेटीचे चित्र काढावे, अशी कल्पना विनोबांनी मांडलेली होती. तोच प्रसंग दगडात कोरलेला त्यांच्या कुदळीपाशी आला. त्यांनी त्या मूर्तीची स्थापना केली, आणि ते भरत-राम मंदिर झाले.

आपणही जुन्या गाभाऱ्याचा पाया खणताना काय निघते म्हणून सारे गाव वाकून पाहत होते. तेव्हा पवनारची ही हकीकत वाचताना आपल्याला निराळाच आनंद होईल. राज्यावरून ज्यांच्यात फूट पडावी असा डाव रचला गेला, ते दोघे भाऊ भांडण न होता एकमेकांना भेटत आहेत, अशी ती मूर्ती आहे. विनोबांच्या पुढल्या साऱ्या कामाचे चित्र तीत पाहावयास मिळते.

दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्या भाषेत

याच पवनारला विनोबांनी कुराणाचा अभ्यास सुरू केला. भाषांतर वाचून त्यांचे समाधान झाले नाही. ते अरबी लिपी शिकले, अक्षरे गिरविली, उच्चार शुद्ध केले. चाळिशी ओलांडलेला, अनेक भाषा येणारा पंडित पाटीवर मुळाक्षरे काढतो, असे ते दृश्य होते. पुढे मौलाना आझाद यांनी त्यांचे कुराणपठण ऐकले, तेव्हा त्यांनाही आश्चर्य वाटले, असे सांगतात.

याचा उपयोग काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर उत्तर देणे अवघड होते. ते उत्तर 1948 साली मिळाले. फाळणीच्या आगीत उत्तर भारत होरपळला होता आणि गांधीजींचा खून झाला होता. पंडित नेहरूंच्या विनंतीवरून विनोबा दिल्लीला गेले आणि निर्वासितांच्या छावण्यांतून काम करू लागले. पाकिस्तानातून हिंदू आणि शीख येथे आले होते. त्याच वेळी अलवर आणि भरतपूर भागातील मेव मुसलमान आपल्याच मुलखात बेघर झाले होते. या मेवांना त्यांच्या गावी पुन्हा वसविण्यासाठी विनोबांनी कष्ट केले. अजमेरलाही ते गेले. तेथील दर्ग्याच्या परिसरात मुसलमान भयभीत होऊन राहत होते. विनोबा तेथे काही दिवस राहिले, आणि दर्ग्यातच त्यांची प्रार्थना झाली. हिंदू आणि मुसलमान एकत्र बसले. कुराण तोंडपाठ असलेला हा धोतर नेसलेला फकीर त्या लोकांना परका वाटला नाही. ज्याने आपला ग्रंथ इतक्या कष्टाने वाचला, तो आपला घात करणार नाही, एवढा विश्वास त्यांना वाटला. भयभीत माणसाला अशा वेळी विश्वासाचाच आधार असतो.

बैजनाथधामचा मार

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूदानाचा उगम झाला. तेथील भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि गावच्या रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेव्हापासून सुमारे तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानपत्रांवर मिळाली. त्यातली पुष्कळ निकस निघाली आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही खरे आहे. तरी मागून आणि प्रेमाने जमीन मिळते, हे जगाने प्रथमच पाहिले.

या यात्रेत 1953 च्या सप्टेंबर महिन्यात ते तेव्हाच्या बिहारमधील देवघरला पोचले. आता हे गाव झारखंडात आहे. तेथे बैद्यनाथाचे प्रसिद्ध ज्योतिर्लिंग आहे. त्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. याच गावी 1934 साली अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींच्या मोटारीवर हल्ला झाला होता. विनोबांना निरोप मिळाला की हरिजनांना बरोबर घेऊन दर्शनास येण्यास हरकत नाही. त्यावर विश्वास ठेवून 19 सप्टेंबर रोजी सायंकाळी ते आपल्या सोबत्यांसह मंदिराकडे गेले. मुखाने भजन नव्हते, घोषणा नव्हत्या. शांतपणे ते चालत होते.

मंदिराशी पोचताच काठ्या घेतलेले पंडे धावून आले. सोबत्यांनी विनोबांभोवती कडे केले आणि बहुतेक फटके आपल्या अंगावर घेतले. स्त्रियांनाही मार बसला. एक फटका विनोबांच्या कानावर बसला. त्या कानाने त्यांना पुढे ऐकू येईनासे झाले. वयाची अठ्ठावन वर्षे झालेली, देह काडीसारखा. देवाच्या दारात मार खाऊन ते बिऱ्हाडी परतले.

यानंतर त्यांनी जे केले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हल्लेखोरांना शिक्षा होऊ नये, अशी त्यांनी मागणी केली. त्या लोकांनी अज्ञानाने हे केले, असे त्यांनी जाहीर केले, आणि भूदानाची वाट पुढे चालू लागले. मार खाणाऱ्याने रागावायचे नाही, पण हरिजनांना बाहेर ठेवणे योग्य आहे असेही म्हणायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढे त्या मंदिराचे दार हरिजनांना उघडले. काठीने अडविलेले दार काठीवाचून उघडले गेले.

परत फिरणे

1955 साली ओरिसात, आताच्या ओडिशात, जगन्नाथपुरीला सर्वोदय संमेलन भरले. जगन्नाथाच्या दर्शनाची विनोबांना ओढ होती. त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होत्या. त्यांनाही भक्तिभावाने दर्शन घ्यावयाचे होते. मंदिराच्या अधिकाऱ्यांनी बाईंना आत सोडण्यास नकार दिला. विनोबा एकटे आत गेले असते तर त्यांना कोणी अडविले नसते. पण सोबतीला बाहेर ठेवून आत जाणे त्यांच्या भक्तीत बसत नव्हते. ते दारावरून परत फिरले. मनाला फार लागले, पण मंदिरवाल्यांबद्दल कडू शब्द त्यांनी काढला नाही. त्या लोकांचीही काही श्रद्धा आहे आणि ती बळजबरीने मोडू नये, असे त्यांना वाटे.

1957 साली केरळात गुरुवायूरच्या मंदिरापाशी हेच घडले. यात्रेत काही ख्रिस्ती सोबती होते. त्यांना प्रवेश मिळाला नाही, आणि विनोबा पुन्हा माघारी आले. याउलट कर्नाटकात गोकर्ण महाबळेश्वराच्या पुजाऱ्यांनी त्यांना मुसलमान सोबत्यासह आदराने आत नेले. विनोबांनी त्या मंदिराचे गुण वारंवार गायिले, आणि नकार देणाऱ्यांची निंदा मात्र कधी केली नाही.

येथे आपण क्षणभर थांबू. अन्याय दिसला म्हणजे माणसासमोर सहसा दोन वाटा येतात. एक दार फोडण्याची, दुसरी आपल्यापुरते आत जाऊन गप्प बसण्याची. पहिल्या वाटेने मने दुखावतात, दुसऱ्या वाटेने अन्याय टिकतो. विनोबांनी तिसरी वाट धरली. ज्याला आत घेत नाहीत त्याच्या शेजारी उभे राहायचे, रागावायचे नाही, आणि दार आतून उघडेपर्यंत धीर धरायचा. ही वाट फार लांबची आहे, आणि ज्याला पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवले त्याला धीराचे बोल ऐकवणे अवघड आहे, हे मान्य केलेच पाहिजे. दलित बांधवांपैकी अनेकांना ही वाट पटली नाही. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह आरंभिला. तो पाच वर्षे चालला, आणि तेव्हा दार उघडले नाही. त्या दुःखाची आठवण ठेवूनच विनोबांची ही गोष्ट वाचावी. धीर मागण्याचा अधिकार ज्याने स्वतः फटके खाल्ले त्यालाच असतो, आणि विनोबांनी ते खाल्ले होते.

पंढरीचे निमंत्रण

1958 च्या मे महिन्यात सर्वोदय संमेलन पंढरपूरला भरले. त्याआधी गावात कुजबूज सुरू झाली की विनोबा मुसलमान आणि ख्रिस्ती लोकांना घेऊन विठ्ठल मंदिरात घुसणार. विनोबांनी सांगितले की जेथे निमंत्रण नाही तेथे ते पाऊल टाकणार नाहीत, आणि सोबत्यांना सोडूनही जाणार नाहीत. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग ज्यांच्या श्वासात होते, त्यांना विठोबाच्या गावी येऊन दर्शनाशिवाय परतावे लागले असते. तरी त्यांनी त्याची तयारी ठेवली.

मग पंढरपूरच्या मंदिरवाल्यांकडून लेखी निमंत्रण आले. सर्व सोबत्यांसह दर्शनाला यावे, असे त्यात होते. विनोबा मंदिरात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती भगिनी होत्या. विटेवरच्या मूर्तीसमोर विनोबा उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. किती तरी वेळ ते तेथून हलले नाहीत. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी देहाने ते प्रथमच पंढरीला आले होते. मनाने मात्र ते तेथून कधी हललेच नव्हते, असे त्यांना वाटे.

बैजनाथधामला ज्या दारात मार मिळाला आणि पंढरीला ज्या दारात निमंत्रण मिळाले, त्या दोहोंत पाच वर्षांचे अंतर आहे. पंढरीत जे झाले ते कोणा एकाच्या मोठेपणाने झाले नाही. साने गुरुजींच्या उपोषणाने आधी दार हलले होते. वारकरी परंपरेने सातशे वर्षे भूमी नांगरून ठेवली होती. चोखोबा, गोरोबा, सावतोबा, जनाबाई यांच्या देवाला ते शोभून दिसले. आणि निमंत्रण देणाऱ्या त्या मंदिरवाल्यांचाही गौरव केला पाहिजे. आत येऊ पाहणाऱ्यापेक्षा आत येऊ देणाऱ्याला कधीकधी जास्त धैर्य लागते.

पुढील वर्षी, 1959 साली, अजमेरला संमेलन झाले. तेव्हा दर्ग्याच्या व्यवस्थापकांनी विनोबांना आणि संमेलनास आलेल्या सर्वांना दर्ग्यात बोलाविले. पंढरीच्या दाराला अजमेरच्या दाराने दिलेला तो प्रतिसाद होता.

धर्मांचे सार

पदयात्रा चालू असता विनोबांनी कुराणातील वचने निवडून त्यांचे सार काढले, आणि 1962 साली ते पुस्तक निघाले. पुस्तक हाती येण्याआधीच पाकिस्तानातील वृत्तपत्रांतून टीका सुरू झाली, की एका हिंदूने कुराणाला हात घालावा हे कसे. विनोबांनी उत्तराचे लेख लिहिले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात आसामहून परतताना ते पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सोळा दिवस पायी चालले. तेथील हिंदू-मुसलमान खेडूत त्यांच्या सभेला येत, आणि तेथेही भूदान मिळाले.

ख्रिस्ती धर्माचे सार, बुद्धाच्या धम्मपदाची नवी रचना, शिखांच्या जपुजीवरील विवेचन, अशी कितीतरी पुस्तके त्यांनी दिली. प्रत्येक वेळी त्यांची पद्धत एकच असे. ग्रंथ मूळ भाषेत वाचावयाचा, त्या धर्माच्या जाणकारांना विचारावयाचे, आणि सामान्य माणसाला जगताना आधार देईल ते वेचावयाचे. जैन धर्मात श्वेतांबर, दिगंबर आदी पंथ आहेत, पण सर्वांना मान्य असा एक ग्रंथ नव्हता. विनोबांनी अनेक वर्षे त्यासाठी विनवणी केली. शेवटी महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या वेळी, 1974 साली, सर्व पंथांचे मुनी आणि विद्वान दिल्लीत एकत्र बसले आणि ‘समणसुत्तं’ या ग्रंथाला सर्वांनी मान्यता दिली. एकाच धर्मातील भाऊबंदकी मिटविणे हे कधीकधी दोन धर्मांचा समेट करण्याहून कठीण असते. विनोबांनी ते काम स्वतः मुनी नसताना केले.

त्यांची ‘नाममाला’ अनेक शाळांतून म्हटली जाते. तीत नारायण आहे, बुद्ध आहे, पारशांचा मज्द, यहुद्यांचा यह्व, ख्रिस्त्यांचा पिता, मुसलमानांचा रहीम आहे. सामुदायिक प्रार्थना कोणत्या शब्दांत करावी यावरून तंटे होतात हे पाहून त्यांनी मौन प्रार्थनेची प्रथा घातली. सगळ्यांनी एकत्र बसावे आणि आपापल्या देवाला मनात आठवावे. मौनाला कोणाचीच हरकत नसते.

अखेरचे दिवस

1964 साली विनोबा पवनारला परतले. 1959 साली तेथेच त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले होते. बोधगयेला समन्वय आश्रम आणि आसामात मैत्री आश्रम त्यांच्याच प्रेरणेने उभे राहिले. त्यांच्या सर्वच भूमिका सर्वांना पटल्या असे नाही. 1975 च्या आणीबाणीच्या वेळी त्यांनी घेतलेल्या भूमिकेवर कडक टीका झाली, आणि त्यांचे जवळचे सहकारीही त्यामुळे दुरावले. थोरांचे चरित्र सांगताना हे झाकू नये.

1982 च्या नोव्हेंबरात प्रकृती बिघडल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले, आणि 15 नोव्हेंबर रोजी, ऐन दिवाळीत, पवनार येथे देह ठेवला. धाम नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. 1983 साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले.

आपले दार

आता चार शब्द आपल्या मंदिराविषयी. जुन्या देवळाच्या पायऱ्यांखाली एक सपाट दगड होता, तो वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गावातील काही आळ्यांच्या लोकांनी त्या दगडापर्यंतच यावे आणि तेथूनच हात जोडावे, असा एके काळी दंडक होता. तो दंडक फार पूर्वी संपला, दगड मात्र राहिला होता. जीर्णोद्धाराच्या वेळी त्याचे काय करावे, यावर ग्रामसभेत बोलणे झाले. शेवटी तो नव्या उंबरठ्याच्या पायात घातला गेला. आज ज्या उंबरठ्यावरून आपण सारे आत जातो, त्याच्याखाली तो आहे. याहून चांगली जागा त्याला मिळाली नसती.

या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी छापली आहे. ती निवांत वाचावी. हजारांच्या देणग्या आहेत, अकरा रुपयांच्या आहेत, आणि एक दिवसाची मजुरी, एक पोते सिमेंट, दोन ब्रास वाळू अशाही आहेत. तीत सगळ्या आळ्या आहेत, आणि मोहल्ल्यातली घरेही आहेत. शिखराची नक्षी ज्या कारागिरांच्या हातची आहे ते कोणत्या धर्माचे, हे गावाला ठाऊक आहे. उन्हात परातीवर उभे राहून त्यांनी देवाच्या शिखराला आकार दिला, आणि दुपारी आपल्याच ओसरीवर भाकरी खाल्ली. देवाला यात काही वावगे वाटले नाही, असे काम किती देखणे झाले आहे त्यावरून दिसते.

दगडाविटांचा जीर्णोद्धार पैशाने होतो, तो आपण केला. मनाचा जीर्णोद्धार प्रत्येकाने आपापला करावयाचा असतो आणि त्याची पावती फाडता येत नाही. पुढे कधी गावात तेढ उत्पन्न झाली, मिरवणुकीच्या वाटेवरून किंवा कर्ण्याच्या आवाजावरून शब्दाला शब्द वाढला, तर दोन्ही बाजूंच्या चार शहाण्या माणसांनी याच सभामंडपात येऊन बसावे. बोलणे सुचत नसेल तर विनोबांप्रमाणे थोडा वेळ मौन बसावे. त्यातूनही पुष्कळ सुटते.

कलशारोहणाच्या दिवशी गावातील प्रत्येक घराने, पाहुण्यांनी आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांनी दर्शनास यावे. हे दार कोणासमोर बंद होऊ नये आणि या दारावरून कोणी दुःखाने परत फिरू नये, एवढीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.